कुंकू लावलेली बॅटरी

बॅटरीला कुंकू लावू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. मी शोधलं नाही, पण आमच्या शेजारच्या सुनेत्राकाकूंनी शोधलंय, आणि आमच्या मजल्यावर पोथ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. बॅटरीच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलेलं नाही. ती मात्र मी स्वतः वाचली. नंतर. गाडी जळल्यावर.

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत खंडेनवमीला अंगणातल्या सगळ्या वाहनांची पूजा एकत्र होते. दरवर्षी ती माझे सासरे करतात. अण्णा भोईवाड्याच्या कोर्टात अडतीस वर्षं क्लार्क होते, त्यामुळे पूजाही ते दप्तर तपासल्यासारखी करतात. एकही चाक कुंकवावाचून सुटत नाही. यंदा मात्र तबक माझ्या हातात आलं, कारण अण्णांच्या घशाला कॅन्सर झालाय आणि त्यांना रोज शेक द्यायला न्यावं लागतं. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात, चाळीत शेक म्हणतात. तीसपैकी सतरा शेक झाले होते. आवाज दहाव्यालाच गेला होता. ते खुर्ची टाकून कठड्याशी बसले, मानेभोवती सासूबाईंच्या जुन्या वॉयलच्या साडीचा मऊ तुकडा, आणि नुसत्या बोटाने मला खालची चाकं मोजून दाखवत होते.

माझ्या कडेवर स्पृहा, वय महिने चौदा. एका हाताने मूल आणि एका हाताने पूजा, हे ज्यांनी केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. चाळीतल्या गौतम भाऊजींचा टेम्पो शेवटचा होता. त्यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, बॅटरीला पण लावा ना. सगळं तिच्याच जिवावर चाललंय."

मी एका टोकाला हळद लावली. तेवढ्यात स्पृहाने हळदीची वाटी उलटी केली, म्हणून दुसऱ्या टोकाला नुसतं कुंकू लावलं. हात ओला होता, त्यामुळे चांगलं जाडजूड बसलं. वर झेंडूची माळ घातली. बॅटरी इतकी छान दिसत होती की गौतम भाऊजींनी तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. पुढे कुंकू कुठल्या टोकाला होतं, याची चाळीत चौकशी झाली, तेव्हा हा फोटो कामाला आला.

मग नारळ फुटला, आणि आमच्याकडची पद्धत अशी की नारळ फुटला की प्रत्येक वाहनाचा हॉर्न एकदा वाजवायचा. मी आमच्या मोटरसायकलची किल्ली फिरवली, हॉर्न दिला, त्या आवाजाने स्पृहाने भोकाड पसरलं, आणि मी तिला घेऊन वर गेले. किल्ली तशीच. गाडी चालूच्या खुणेवर. खंडेनवमीची रात्र, दसऱ्याचा अख्खा दिवस, दसऱ्याची रात्र. दसऱ्याला शेक बंद होता, म्हणून गाडीकडे कुणी फिरकलंच नाही. आता माझ्या निष्काळजीपणाबद्दल बोलणारे बरेच आहेत, त्यात माझा नवरा पहिला. पण यशोधन कंपनीच्या ट्रेनिंगसाठी दीड महिना नागपूरला आहे आणि तिथून त्याला बोलण्याव्यतिरिक्त काही करता येत नाही, हेही लक्षात घ्या.

शुक्रवारी शेकाचा अकरा वीसचा नंबर होता. साडेनऊला मी बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक् सुद्धा नाही.

या गाडीला किक नाही. हे वाक्य मी त्या सकाळी निदान नऊ जणांना सांगितलं आणि नऊही जणांनी वाकून किक शोधली. ढकलून पाहिली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी वर बसून आणि मागून पाच माणसं. गाडीने एक उचकी दिली आणि पडून राहिली. शेवटी तळमजल्याचे कुशाबाकाका बाहेर आले. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण चाळीतला एकही बल्ब त्यांच्या परवानगीशिवाय बदलत नाही.

"काय झाला गो?"

"बॅटरी उतरलीय, काका."

"उतरली मगे दुसऱ्या बॅटरीक जोडूची. ह्या काय सांगूक होया?"

त्यांनी घरातून वायरीचे दोन तुकडे आणले. दोन्ही करडे. गौतम भाऊजींनी टेम्पो शेजारी आणून लावला, झाकण उघडलं आणि गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून कानाला मोबाइल लावून रस्त्यावर गेले. आमच्या गाडीची बॅटरी सोपी होती: एक तांबडी वायर, एक काळी. टेम्पोच्या बॅटरीवर झेंडू वाळला होता, खुणा बिणा काही दिसत नव्हत्या. दिसत होतं ते एक तांबडं टोक आणि एक पिवळं.

"तांबडा ता प्लस," कुशाबाकाका म्हणाले. "तांबड्याक तांबडा लाव."

"आणि पिवळं?"

"उरला ता मायनस. माका शिकवू नको."

ते कुंकू मीच लावलं होतं, माझ्याच बोटाने, दोन दिवसांपूर्वी. तरी मला आठवलं नाही. दिवसाला चार तास झोप मिळाली की माणसाला स्वतःचं कुंकूसुद्धा ओळखता येत नाही. मी वायर टेकवली.

ठिणगी उडाली ती माझ्या कोपरापर्यंत. टाकीखालून प्लास्टिकचं खेळणं तव्यावर ठेवल्यासारखा वास आला, आणि मग धूर. कुशाबाकाका चार पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "चालू झाली काय?"

अण्णा वरून पाहत होते. ते खाली आले, खिशातून कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठ्यांची वही काढली (जुनी पानं कापून त्यांनी स्वतःच शिवलीय) आणि उभ्याउभ्या पंचनामा केला. 'स्थळ: आवार. वेळ: दहा वाजून पाच. सदर वाहनातून धूर. इसम कुशाबा जागेवरून हलले.' "टॅक्सी बोलावते," मी म्हणाले. त्यांनी पान उलटलं. 'टॅक्सीचा प्रस्ताव नामंजूर. वाहन दुरुस्त होईपर्यंत पेशंट गैरहजर राहील. सबब पुन्हा मांडू नये.'

इथे थांबून हे सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई याच हॉस्पिटलात जात होत्या. प्रत्येक वेळी टॅक्सीने, अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, त्या मागे आडव्या. बावीस खेपा झाल्या. बाविसाव्या खेपेला अण्णा एकटे परत आले. त्यानंतर ते टॅक्सीत बसलेले नाहीत. लग्नांना गेले नाहीत, पण टॅक्सीत बसले नाहीत. त्यांचं स्वतःचं निदान झालं त्या दिवशी घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, आवाज होता तेव्हा, "मी माझ्या गाडीवरून जाईन. त्या गाडीतून जाणारी माणसं निराळी." गाडी निवृत्तीच्या वेळी घेतलेली. आता ती चालवत होते मी आणि ते मागे बसत होते, पण गाडी त्यांची होती. वडाळ्याला माहेरी माझ्या भावाने, सौमित्रने, मला गिअरची गाडी शिकवली तेव्हा ती अशा कामाला येईल, असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

शुक्रवारचा शेक बुडाला. मी हॉस्पिटलात फोन केला. शेकाच्या विभागातल्या बाई चांगल्या आहेत, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. "असं मधेच तोडलं तर आधीच्या सतराचा उपयोग कमी होतो. गुरुवार सुट्टी, शुक्रवार गेला, शनिवार-रविवार मशीन बंद. सोमवारी आणाच. नाही आले तर मला फाइलवर 'पेशंट तयार नाही' असं लिहावं लागेल आणि नंबर पुढच्या माणसाला जाईल. बाहेर रांग किती आहे, तुम्ही बघताच."

म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते, आणि मी लावलेलं कुंकू.

यशोधनने नागपूरहून सांगितलं की आधी विम्याला कळव. कळवलं. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"मॅडम, नुकसानीचं कारण? माझ्याकडे अपघात, आग, चोरी, पूर आणि दंगल आहे."

"हळदकुंकू."

"सॉरी?"

मी सगळं सांगितलं. मागे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मॅडम, मी 'आग' टाकते. किती फुटांपर्यंत ज्वाळा होत्या?"

"ज्वाळा नव्हत्या. धूर होता."

"धूर नाहीये माझ्याकडे," ती खरोखरीच्या दुःखाने म्हणाली. "इन्स्पेक्टर पाठवते. दहा कामाच्या दिवसांत येतील. तोवर गाडीला हात लावू नका."

मी शनिवारी सकाळी गाडीला हात लावला आणि ती ढकलत स्टेशनाजवळच्या कोंडीरामच्या गाळ्यात नेली. कोंडीराम गाड्यांची वायरिंग करतो. बाकी काही करत नाही, हवासुद्धा भरून देत नाही. त्याने सीट काढली, एका दिव्याला दोन वायरी लावलेला त्याचा टेस्टर इथे टेकवला, तिथे टेकवला. दिवा कुठेच लागला नाही.

"ताई, उलटं कुणी जोडलं?"

"मी."

तो माझ्याकडे आदराने बघत राहिला. असा आदर मला कॉलेज सोडल्यापासून मिळाला नव्हता. "फ्यूज जाऊन काम भागलं असतं. पण हा बघा, फ्यूजच्या जागी कुणीतरी तार बसवलीय."

ती तार यशोधनने गेल्या वर्षी बसवली होती. हे मी त्याला त्याच दिवशी दुपारी, सविस्तर, सांगितलं. त्यानंतर माझ्या निष्काळजीपणावरचं त्याचं बोलणं बरंच आटोपशीर झालं.

"रेग्युलेटर खलास," कोंडीराम पुढे म्हणाला, "आन टाकीखालची वायरिंग वितळून एकमेकांच्या गळ्यात पडलीय. नवी मागवावी लागंल. आठ दिवस."

"सोमवारी अकराला निघायचंय."

"कुणाचं लगीन हाय?"

"शेक आहे. सासऱ्यांचा. चुकला तर नंबर जातो."

कोंडीरामने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग बाहेर मांडलेली गिऱ्हाइकाची दुसरी गाडी बाजूला ढकलली आणि आमच्या गाडीशी मांडी घालून बसला. संध्याकाळपर्यंत तो एकेक वायर सुटी करत होता, गुंता झालेले केस सोडवल्यासारखा, आणि प्रत्येकीला टेप गुंडाळत होता. जुना, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा रेग्युलेटर बसवला, बॅटरी त्याच्याकडच्या चार्जरवर भरून घेतली. बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. मी तिथेच फुटपाथवर बसले.

"एकच सांगतो," तो म्हणाला. "ब्रेकची आन हॉर्नची वायर एक झालीय. त्यांना सोडवत बसलो तर दिवाळी येईल."

"म्हणजे?"

"ब्रेक मारला की हॉर्न वाजंल. त्येवढं चालवून घ्या. आन हा रेग्युलेटर किती दम धरंल, ते मी सांगणार न्हाई."

रविवारी मी अंगणात सराव केला. ब्रेक लावला की हॉर्न. डावीकडचा इंडिकेटर लावला की पुढचा दिवा विझायचा. उजवीकडे वळताना काही होत नव्हतं, त्यामुळे उजवीकडे वळणं मला आवडायला लागलं. अर्ध्या तासात आमचे सेक्रेटरी दीपक यांचा चाळीच्या ग्रुपवर संदेश आला: 'सकाळी आवारात एका वाहनाचा हॉर्न एकूण चौदा वेळा वाजवण्यात आला. संबंधितांनी लेखी खुलासा करावा.' लेखी म्हटल्यावर अण्णांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. त्यांनी वही घेतली. 'तक्रारीत नमूद आवाज हॉर्नचा नसून ब्रेकचा आहे. ब्रेक लावण्यास समितीची मनाई नाही. सबब तक्रार निकाली काढावी.' खाली सही, तारीख. मी फोटो काढून टाकला. तेरा जणांनी वर केलेला अंगठा पाठवला. त्या दिवशी अण्णा पेजेची अख्खी वाटी प्यायले, तीस मिनिटं लागली, एकेक घोटाला डोळे मिटून, पण अख्खी प्यायले.

सोमवारी स्पृहाला दूध पाजून सुनेत्राकाकूंकडे सोपवलं आणि निघालो. "दोन तासांत येते," मी म्हटलं. "ये गं सावकाश," काकू म्हणाल्या, "आणि ब्रेक कमी लाव."

चिंचपोकळीहून लालबाग, लालबागहून परळ. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी तो एकच लांबलचक हॉर्न होता. माझ्यापुढे जो कुणी हळू व्हायचा, त्याच्या कानात मी भोंगा फुंकायचे, आणि तो वळून जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. लालबागला एक आजोबा फुटपाथवर चढले आणि हात जोडून म्हणाले, "जा बाई, तूच जा." सिग्नलला ब्रेक धरून ठेवावा लागतो, मी पाय टेकवून, हँडल आवळून उभी राहायचे. मागे अण्णा ताठ. त्यांचं वजन सेहेचाळीस किलो झालं होतं. मागे कुणी बसलंय हे कळायचं ते फक्त त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवलेल्या चार बोटांनी.

हॉस्पिटलच्या रस्त्याला वळलो आणि हवालदारांनी शिट्टी मारली. मी ब्रेक लावला. हॉर्न वाजला.

"बंद करा तो! पुढे हॉस्पिटल आहे, दिसत नाही?"

"हॉर्न नाही साहेब, ब्रेक आहे."

"ब्रेक आहे तर हॉर्न कशाला वाजवता?"

"ब्रेक लावला की वाजतो."

"मग लावू नका!"

"तुम्ही पुढ्यात उभे आहात, साहेब."

त्यांनी यावर विचार केला. तेवढ्यात सीटखालून तोच ओळखीचा वास आला, प्लास्टिकचा, आणि गाडी एकदा थरथरून बंद पडली. बटण, काही नाही. किल्ली, काही नाही. ब्रेक दाबला, हॉर्नसुद्धा नाही. कोंडीरामच्या रेग्युलेटरने दम सोडला होता. अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. हॉस्पिटलचं फाटक समोर दिसत होतं, लांब, पण दिसत होतं. अण्णांना तेवढं चालवलं नसतं. घरातून मोरीपर्यंत जाताना ते मधे एकदा टेकतात.

एक टॅक्सी आमच्याशेजारी आपोआप हळू झाली. या रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यांना माणसं ओळखता येतात. अण्णांनी मान हलवली. नाही.

आणि मी, जी त्यांना चार वर्षांत कधी उलटून बोलले नव्हते, भर रस्त्यात म्हणाले, "आई टॅक्सीमुळे गेल्या नाहीत, अण्णा."

त्यांनी वही काढली नाही. मला वाटलं, आता हे इथेच खाली बसतील, आणि मग मी फाइलवर 'पेशंट तयार नाही' असं लिहिलेलं वाचेन. टॅक्सी निघून गेली.

"सरका पुढे," मी म्हटलं. "हँडल धरा. मी ढकलते."

ते पुढच्या सीटवर सरकले. पाय टाकीला लावले, गिअर सोडवला, हँडल धरलं. मी मागच्या दांडीला हात लावून जोर दिला. गाडी जड होती. वरचा माणूस जड नव्हता, ते मला ढकलताना जास्त कळलं. दहा पावलांवर चप्पल निसटली, ती मागे राहिली. वीस पावलांवर दांडीवर आणखी एक हात आला. हवालदार. शिट्टी दातांत धरून ते एका हाताने गाडी ढकलत होते आणि दुसऱ्या हाताने मागची बस थोपवत होते. "चला, चला," ते शिट्टीतून म्हणाले, "माझ्या वडलांचा पण इथंच होता." काय होता, ते मी विचारलं नाही.

फाटकावर वॉचमन म्हणाला, "बंद गाडी आत घेत नाही." हवालदारांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. गाडी बाहेर भिंतीला लावली. अकरा एकोणीसला अण्णांनी खिडकीत कार्ड सरकवलं. आतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या एका अनवाणी पायाकडे, आणि अठराव्या चौकटीवर शिक्का मारला.

शेक देताना चेहऱ्यावर एक जाळी घट्ट बसवतात, टेबलाला स्क्रूने आवळतात, माणूस हलू नये म्हणून. अण्णा बाहेर आले तेव्हा कपाळावर आणि गालांवर तिचे चौकोन उमटलेले होते. ते रोजच उमटतात. घरी पोचेपर्यंत जातात.

बाहेर ऊन होतं. गाडी भिंतीशी तशीच. कोंडीरामला फोन करावा, की गौतम भाऊजींचा टेम्पो मागवावा, की पुन्हा ढकलायला लागावं, मी हिशेब मांडत होते. हाताला फोड आले होते. आणि तेवढ्यात मला कळलं की कुर्ता समोरून ओला झालाय. स्पृहाची दुधाची वेळ टळून गेली होती. मूल जवळ नसलं तरी अंगाला वेळ कळते. मी ओढणी घट्ट ओढून घेतली आणि गाडीचा स्टँड काढायला वाकले, म्हणजे अण्णांना माझं तोंड दिसू नये.

उभी राहून बघते तर अण्णा रस्त्याच्या कडेला. एक हात मानेवरच्या साडीच्या तुकड्यावर, दुसरा वर केलेला. टॅक्सी थांबली.

ते खिडकीशी वाकले. तोंडातून आलं ते नुसतं खरखरणं. ड्रायव्हर म्हणाला, "हां चाचा?" मी पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात मागे करून मला थांबवलं. आवंढा गिळला. तो गिळताना काय होतं, ते मी रोज पाहते. मग पुन्हा म्हणाले, एकेक अक्षर वर ओढून काढत, "चिंच... पोकळी. लेकरू... घरी आहे."

या वेळी ड्रायव्हरला कळलं.

त्यांनी मागचं दार उघडलं. पुढचं नाही, मागचं. आत सरकले, पार पलीकडच्या खिडकीपर्यंत, जिथे सासूबाई डोकं टेकवायच्या, आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसले, दार ओढलं. ते नीट लागलं नाही. अण्णांनी माझ्यावरून हात लांब केला आणि ते पुन्हा ओढलं, जोरात.